मिनिटबाई

बाईंना त्या खोलीत तीन महिन्यांसाठी पाठवलं होतं. त्याला आता वीस वर्षं होतील. तेव्हा प्रात्यक्षिकं घेणाऱ्या सिस्टर बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या. त्यांचं ते बाळ आता दाढी करायला लागलं असेल, पण सिस्टर काही परत आल्या नाहीत, आणि बाईंना परत बोलवावं हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. एखादा माणूस मुकाट्याने नीट काम करतोय म्हटलं की त्याला तिथेच चिकटवून टाकायचं आणि वर त्याचं कौतुक करायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. बाईंचं कौतुक भरपूर झालं. शाल नको, पण सोडा आता, असं त्यांनी एकदा भर सभेत म्हटलं होतं. सगळे हसले. त्यांना वाटलं बाई गंमत करताहेत.

ती खोली आमच्या नर्सिंग शाळेच्या तळमजल्यावर आहे, जिन्याखालून वळलं की लगेच. एका बाजूला हॉस्पिटलचं धुलाईघर, दुसऱ्या बाजूला ऑक्सिजनच्या सिलिंडरांची कोठी. चार खाटा, एक लोखंडी कपाट, भिंतीवर मोठा सेकंदकाटा असलेलं घड्याळ. पूर्वी खिडकी होती. धुलाईघर वाढवलं तेव्हा ती विटांनी बुजवली, आणि त्यावर रंगाचा हात वेगळा बसल्यामुळे तिचा चौकोन अजून दिसतो. दाराला स्प्रिंग आहे. कितीही उघडं ठेवा, हळूहळू आपलं आपण लागतं. पहिल्या खाटेवर एक रबरी माणूस झोपलेला असतो, त्याला मुली 'काका' म्हणतात. काकांना सुया टोचता येतात, पट्ट्या बांधता येतात. पण त्यांना नाडी नाही, श्वास नाही, ताप नाही. म्हणजे बाईंना जे शिकवायचं असतं त्यातलं काकांकडे काहीच नाही, आणि तरी वीस वर्षं बाईंचा सगळ्यात कायमचा सोबती हाच.

बाई पहिल्या वर्षाच्या मुलींना चार गोष्टी शिकवतात: ताप बघणं, नाडी मोजणं, श्वास मोजणं आणि रक्तदाब घेणं. दर वर्षी साठ मुली येतात, तीच चार कामं शिकतात आणि वर निघून जातात. बाई खालीच. "तीन बोटं ठेवा. अंगठा लावू नका. अंगठ्याला स्वतःची नाडी असते, पेशंटची सोडून स्वतःचीच मोजत बसाल." हे वाक्य त्यांनी आजवर किती वेळा म्हटलं असेल याचा हिशेब मी एकदा करायला गेले, आणि मलाच घुसमटायला झालं.

मी त्यांच्या चौथ्या तुकडीतली. आता त्याच शाळेत दुसऱ्या मजल्यावर शरीररचना शिकवते. माझ्या वर्गाला तीन खिडक्या आहेत. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात त्या खिडक्यांचा हात आहे.

मुली त्यांना मिनिटबाई म्हणतात. आम्हीही म्हणायचो. त्याचं असं की नाडी मोजायचा एक आळशी मार्ग आहे. पंधरा सेकंद मोजायची आणि चाराने गुणायचं. सगळं जग तसंच करतं. बाईंना मात्र ते अजिबात खपत नाही. मुलींच्या वह्या त्यांनी नुसत्या चाळल्या तरी त्यांना कळतं. बहात्तर, शहात्तर, ऐंशी, चौऱ्याऐंशी. सगळ्या आकड्यांना चाराने भाग जातो.

"या वॉर्डात सगळ्या पेशंटना चाराचा पाढा पाठ आहे वाटतं?" असं म्हणून त्या वही परत करायच्या. "उरलेली पंचेचाळीस सेकंदं काय करत होतीस? केस विंचरत होतीस?"

मग पूर्ण एक मिनिट. साठ मुली, तीस मनगटं, आणि त्या बंद खोलीत फक्त सेकंदकाट्याचा आवाज. पहिल्या वर्षी ते मिनिट संपता संपत नाही. आमच्यातल्या एकीला त्यात चक्कर आली होती, तर बाईंनी तिला आडवं केलं आणि तिचीच नाडी आम्हाला मोजायला लावली. "चक्कर आलेल्याची कशी लागते ते बघून घ्या, पुन्हा अशी फुकट मिळणार नाही."

श्वास मोजायची त्यांची शिकवण तर भारीच. आपला श्वास कुणी मोजतंय हे कळलं की माणूस लगेच वेगळा श्वास घ्यायला लागतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही, नाडीच मोजतोय असं दाखवायचं आणि हळूच छातीकडे बघून श्वास मोजून घ्यायचे. बाईंना याची इतकी सवय झाली होती की सभेत बसल्या बसल्या त्या सगळ्यांचे श्वास मोजायच्या. आमच्या मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणतात. मोठ्या बाई रागावल्या की चोवीस, आणि 'यंदा बजेट नाही' असं सांगताना बावीस, हे संशोधन बाईंनी मला कानात सांगितलं होतं.

पण बाई मुळात शिकवणाऱ्या नव्हत्याच. त्या लहान मुलांच्या वॉर्डातल्या सिस्टर. अकरा वर्षं त्यांनी तिथे काढली होती. त्या वॉर्डाबद्दल बोलायला लागल्या की त्यांचा चेहरा सैल व्हायचा. तान्ह्या बाळाचा श्वास छातीवर नाही, पोटावर मोजायचा. आणि ते झोपलेलं असतानाच, कारण एकदा का रडायला लागलं की मोजणाऱ्याच्या नाकी नऊ येतात. "तिथे मोजलेल्या आकड्याचं काहीतरी होतं गं," त्या मला म्हणाल्या होत्या. "आकडा वाढला की आपण धावतो. औषध देतो. सकाळी तो खाली येतो. इथे आकडा वहीत जातो आणि वही कपाटात."

दर वर्षी त्या परत पाठवा असा अर्ज करायच्या. दर वर्षी मोठ्या बाई म्हणायच्या, "एवढी तुकडी होऊ द्या." अशा एकोणीस तुकड्या झाल्या. यंदाची विसावी. आणि यंदा गोष्ट वेगळी होती, कारण पंचावन्न पूर्ण झाली की वॉर्डात बदली मिळत नाही, असा हॉस्पिटलचा नियम आहे. बाईंना पंचावन्न पूर्ण व्हायला चार महिने होते. चार महिन्यांत सुटल्या तर सुटल्या, नाहीतर निवृत्तीपर्यंत काका, घड्याळ आणि बुजवलेली खिडकी.

नेमकी त्याच वेळी मुलांच्या वॉर्डात जागा रिकामी झाली. मेट्रन म्हणजे हॉस्पिटलच्या सगळ्या सिस्टर्सच्या प्रमुख. त्या एके काळी त्याच वॉर्डात बाईंच्या हाताखाली शिकल्या होत्या. त्यांनी स्वतः खाली येऊन सांगितलं, "बाई, मी जागा धरून ठेवते. तुम्ही फक्त तब्येतीचा दाखला आणि शाळेची परवानगी आणा."

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं. त्यांनी चहा मागवला, तेव्हाच मी ओळखलं. मोठ्या बाई चहा पाजतात म्हणजे काहीतरी गळ्यात मारणार.

"बाईंना या वेळी मी अडवत नाही," त्या म्हणाल्या. "पण खालची खोली रिकामी ठेवता येणार नाही. तुमच्याशिवाय पात्र कोण आहे?"

"किती दिवसांसाठी?" मी विचारलं.

"सध्या तीन महिने धरा."

मी हो म्हटलं. नाही म्हणायची सोय नव्हती. वर आले आणि माझ्या वर्गात खिडकीपाशी उभी राहिले. बाई सुटाव्यात असं मला मनापासून वाटत होतं, हे खरं आहे. आणि त्या सुटल्या की मी अडकणार, हेही तितकंच खरं होतं. ही दोन्ही वाटणं माझ्यात शेजारी शेजारी राहायला लागली. एकमेकांशी बोलायची नाहीत, पण एकाने दुसऱ्याला घराबाहेरही काढलं नाही.

त्याच आठवड्यात मी बाईंच्या घरी गेले होते, परीक्षेचे कागद द्यायला. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, गॅलरीत कपडे वाळत घातलेले. त्यांचे यजमान निवृत्त बसड्रायव्हर. अजूनही खुर्चीत बसले की एक पाय ब्रेकवर ठेवल्यासारखा पुढे असतो. बाई आत चहा टाकत होत्या.

"तुमच्या मिनिटबाई," ते मला म्हणाले, "साऱ्या गावाचं प्रेशर मोजतात. स्वतःचं विचारा बरं."

"तुम्ही गप्प बसा हो," आतून आवाज आला.

"मी गप्पच आहे. यंत्र बोलतंय." त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं. रक्तदाबाचं यंत्र कपाटाच्या वर होतं आणि त्याच्यावर चादरींच्या घड्या. "दोन वर्षं झाली, गोळ्या लिहून दिल्यात. आठवण झाली तर घेते. मोजायला म्हटलं तर म्हणते, मोजलं की लिहावं लागतं."

बाई चहा घेऊन बाहेर आल्या. टेबलावर गोळ्यांची पट्टी होती, ती त्यांनी हातासरशी डब्यात टाकली आणि माझ्याकडे बघितलं. मी कागदांवर डोकं घातलं. पण मी बघितलं होतं, आणि मी बघितलं हे त्यांनी बघितलं होतं. आमच्या वेळी बाई शिकवायला स्वतःचा हात पुढे करायच्या. साठ मुली त्यांच्या डाव्या दंडावर पट्टा आवळायच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ते बंद केलं होतं. आता मुली एकमेकींवर शिकायच्या, आणि परीक्षेला वॉर्डातल्या मावशी बसायच्या. का ते मला त्या दिवशी कळलं.

मग तब्येतीचा दाखला. मी बाईंबरोबर गेले होते. आता आमच्यातली एक गंमत सांगते, म्हणजे गंमत कसली, लाजिरवाणी गोष्ट आहे. दवाखान्यातली माणसं एकमेकांना मोजत नाहीत. डॉक्टर सिस्टरला विचारतात, सिस्टर सांगते, डॉक्टर लिहितात. दवाखान्यात काम करणाऱ्यांना रोग होत नाहीत अशी आमची सगळ्यांची ठाम समजूत आहे. डॉक्टर तरुण होते, बाईंच्या हाताखालच्या मुलींबरोबर रोज काम करणारे. त्यांनी कागद पुढे ओढला.

"बाई, तुमचं प्रेशर काय, नॉर्मलच ना?" असं विचारता विचारता त्यांनी लिहूनही टाकलं: एकशे वीस, ऐंशी. नाडी बहात्तर. श्वास अठरा. पट्टा त्यांच्या मागे खुंटीला लटकत होता.

बाईंनी दाखला उचलला. बाहेर आल्यावर त्या इतक्या भराभर चालायला लागल्या की मला त्यांना गाठायला पळावं लागलं.

"त्यांनी विचारलं, पण उत्तराची वाट बघितली नाही," त्या म्हणाल्या. "मी खोटं बोलले नाही."

"नाही बाई."

"बहात्तर लिहिलंय बघ. चाराने भाग जातो." आणि त्या हसल्या. ते हसणं मला बघवलं नाही.

आता यंदाच्या तुकडीतल्या सुतळीची ओळख करून द्यायला हवी. अंगाने सुतळीसारखी म्हणून तिला सगळ्या तेच म्हणायच्या. ती पहिल्या परीक्षेत रक्तदाबातच नापास झाली होती. दुसरी आणि शेवटची संधी होती. त्यात गेली असती तर सामान बांधून घरी. पोर हुशार होती, पण भित्री इतकी की कुणी नुसतं 'काय गं' म्हटलं तरी तिची पाचावर धारण बसायची. एकदा मावशींची नाडी तिने एकशे दहा सांगितली. मावशी आरामात पान उलटत मासिक वाचत होत्या. बाईंनी जवळ जाऊन बघितलं, तर सुतळीने अंगठा लावला होता. घाबरलेल्या जिवाची स्वतःचीच नाडी ती मोजत बसली होती.

आणि भीतीने ती दुसरं एक करायची. कानात स्टेथोस्कोप घालायची, पण ऐकायचीच नाही. हवा सोडून झाली की म्हणायची, "एकशे वीस, ऐंशी." पुस्तकात तेच असतं ना.

बाईंनी तिला रोज शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं. दीड महिना. आमच्याकडे शिकवायचा एक स्टेथोस्कोप आहे, त्याला कानात घालायच्या दोन जोड्या असतात. एक मुलीच्या कानात, एक बाईंच्या. दोघींना एकच ऐकू येतं. पारा खाली येत असतो, पहिली ठकठक सुरू होते तो वरचा आकडा, ठकठक बंद होते तो खालचा.

"ऐकलंस ते सांग," बाई म्हणायच्या. "ऐकू आलं नाही तर 'ऐकू आलं नाही' असं सांग, मी रागावणार नाही. पण न ऐकलेला आकडा माझ्यासमोर आणलास तर याद राख. समोरचा कोण आहे, त्याचा आकडा किती असायला हवा, तुला काय करायचंय? मेट्रन असो नाहीतर मावशी. कान काय सांगतात?"

"कान सांगतात ते, बाई."

"मोठ्याने."

"कान सांगतात ते!"

मी जिन्यावरून जाताना हे ऐकायचे. दार हळूहळू लागायचं आणि सुतळीचा आवाज आत राहायचा.

परीक्षा तीन दिवस चालली. परीक्षक दोन, मेट्रन आणि मोठ्या बाई. पेशंट म्हणून मावशी. बाई मुलींच्या शेजारी, दुसरी जोडी कानात घालून. मी नोंदवहीवर: मुलगी काय सांगते ते लिहायचं आणि बाई बरोबर म्हणाल्या की खूण करायची. तिसऱ्या दिवशी बारा मुली होत्या आणि सुतळी शेवटची. बाईंना पंचावन्न पूर्ण व्हायला तेरा दिवस राहिले होते. बदलीचे सगळे कागद मेट्रनच्या समोर फाइलमध्ये होते. परीक्षा संपली की मोठ्या बाई परवानगीवर सही करणार होत्या. सोमवारपासून बाई मुलांच्या वॉर्डात आणि मी खाली.

अकरावी मुलगी झाल्यावर मावशींनी दंडावरचा पट्टा ओरबाडून काढला. "पुरे गं बायांनो. हात आहे माझा, धुलाईघरातली चादर नाही पिळायला." दंड लालबुंद झाला होता, बोटांना मुंग्या आल्या होत्या. अशा हातावर आकडा खरा येत नाही. उजवा हात पूर्वी कधीतरी मोडलेला, तिथे पट्टा बांधायचा नाही असा बाईंचाच नियम. झालेल्या मुलींना परत आत घ्यायचं नाही असा परीक्षेचा. मेट्रनला एक वाजता फेरीला जायचं होतं. त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"तुम्ही बसता का हो? एकच राहिलीय."

मी म्हणाले, "माझ्या बाह्या घट्ट आहेत. वर सरकायच्या नाहीत."

हे मी कसं म्हणाले ते मला आजही नीट सांगता येत नाही. विचार करून म्हणाले असं नाही. तोंडातून गेलं. पण गेलं तेव्हा मला माहीत होतं की आता कोण उरलं, आणि त्यांच्या दंडावर पट्टा बांधला की काय आकडा निघणार. त्या दिवशी घरी जाऊन मी त्याच बाह्या वर सरकवून बघितल्या. कोपराच्या वर सहज गेल्या.

"मग बाई, तुम्हीच बसा," मेट्रन म्हणाल्या. "तुमचा हात काय, वीस वर्षांचा सरावाचा."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मुलीने वहीत चाराचा आकडा लिहिला की बघतात तसं, थोडं वाकून, नीट. मग त्या खुर्चीत बसल्या आणि डावी बाही वर केली. दुसरी जोडी मी कानात घालायची असं ठरलं.

सुतळी आली. बाईंना खुर्चीत बघून तिचा चेहरा पांढरा पडला. तिने पट्टा बांधला, दोन बोटं मावतील इतका सैल ठेवला, जागा चाचपली, स्टेथोस्कोप ठेवला. चुकत काही नव्हतं. तिने फुगा दाबला. हवा सोडायला लागली. मी ऐकत होते. एकशे पन्नासच्या पुढे ठकठक सुरू व्हायचं कारण नव्हतं, आणि ती सुरू झाली तेव्हा पारा एकशे अठ्ठ्याहत्तरवर होता. मोठी, स्पष्ट, दार ठोठावल्यासारखी. एकशे चारवर थांबली.

सुतळीने सगळी हवा सोडली. तिने बाईंकडे बघितलं. तिचे ओठ हलले, आणि मी शपथेवर सांगते, तिच्या तोंडात एकशे वीस आलं होतं. मला ते दिसलं. पुस्तकातला आकडा, आणि समोर तिची स्वतःची बाई. तो सांगितला असता तर मी मान डोलावली असती का? कदाचित. मग ती पास झाली असती, बाई सुटल्या असत्या, आणि मी या खालच्या खोलीत अडकले असते.

"एकशे अठ्ठ्याहत्तर," सुतळी म्हणाली. "एकशे चार."

मोठ्या बाई ताठ झाल्या. मेट्रनने फाइलवर हात ठेवला. त्यातल्या दाखल्यावर काय लिहिलंय ते त्यांना पाठ होतं.

"नीट ऐकलंस का?" मेट्रनने विचारलं. "पुन्हा विचार कर. तू मागच्या वेळीही यातच गेली होतीस."

सुतळीच्या डोळ्यांत पाणी आलं. "ऐकलं ते सांगितलं, मॅडम."

"तुम्हाला काय ऐकू आलं?" मेट्रनने मला विचारलं.

बरोबर म्हणावं तर बाई गेल्या, चूक म्हणावं तर पोर गेली. मी खरं बोलले असते तर स्वतःसाठी, आणि खोटं बोलले असते तर बाईंसाठी. दोन्हीतलं एकही माझ्याच्याने झालं नाही. मेट्रन माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी 'चूक' म्हणावं असं त्यांना वाटत होतं, हे त्यांच्या डोळ्यांत मला दिसत होतं. मी नोंदवहीकडे बघत राहिले, जणू उत्तर तिथे लिहिलेलं आहे.

"पोरगी बरोबर सांगतेय," बाई म्हणाल्या. "मला दोन वर्षं गोळी चालू आहे. आज घेतलेली नाही." आणि मग माझ्याकडे न बघता, "लिही."

मी लिहिलं. एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे चार, पुढे बरोबरची खूण. मेट्रनने फाइल मिटली. "बाई, आज संध्याकाळी डॉक्टरांना दाखवून घ्या," एवढंच त्या म्हणाल्या, आणि फेरीला उशीर झाल्यासारख्या उठून गेल्या. मोठ्या बाई मला म्हणाल्या, "तुमचे वरचे तास तसेच ठेवा मग." त्या वेळी मला काय वाटलं ते सांगून टाकते. हायसं वाटलं. वाईट नंतर वाटलं, आणि ते खूप वाटलं, पण पहिलं आलं ते हायसं. ती नोंदवही अजून कपाटात आहे. त्या पानावर सगळ्यात सुरेख अक्षर शेवटच्या ओळीचं आहे.

सुतळी बाईंना मिठी मारून रडली. आपण पास झालो एवढंच तिला कळलं होतं. बाकीचं तिला अजून माहीत नाही, आणि कुणी सांगायचं नाही अशी बाईंची सक्त ताकीद आहे. "तिने पहिल्यांदा ऐकलं ते सांगितलंय," त्या म्हणाल्या. "त्याची तिला भीती नाही घालायची."

गोळ्या नियमित सुरू झाल्यावर बाईंचं प्रेशर खाली आलं. पण त्याला महिना लागला, आणि तेरा दिवस केव्हाच उलटून गेले होते. मुलांच्या वॉर्डातली जागा एका तरुण सिस्टरला मिळाली. ती बाईंचीच विद्यार्थिनी. ती तरी मिनिटभर मोजते, असं मेट्रन सांगत होत्या.

नवी तुकडी यायच्या आदल्या दिवशी मी खाली गेले. बाई पट्टे गुंडाळून ठेवत होत्या, एकविसाव्या तुकडीसाठी. मी लागत येणारं दार हाताने धरून उभी राहिले.

"बाई," मी म्हणाले, "त्या दिवशी मी बसायला हवं होतं."

"हो," बाई म्हणाल्या. "बसायला हवं होतंस."

त्यांनी आणखी एक पट्टा गुंडाळला. आता त्या 'जाऊ दे गं' म्हणतील म्हणून मी थांबले. त्या म्हणाल्या नाहीत. मग मी वर निघून आले, माझा तास सुरू व्हायचा होता.